कोरडी जागा

“हात वर कर. अजून वर. हां, आता वळ.”

जंगम सर हातात खडू घेऊन माझ्याभोवती फिरत होते. मी आखाड्याच्या मधोमध लंगोटावर उभा, अंगावर दुसरं काही नाही, आणि भिंतीला टेकून चौदा पोरं फुकटची करमणूक बघत बसलेली. सर माझ्या अंगावर फुल्या मारत होते. मल्लखांब करताना अंगाचा जो भाग खांबाला घासतो तिथं फुली. मांड्यांवर फुल्या, कारण खांबाला अढी मारायची ती मांड्यांनी. पोटावर फुली, छातीवर फुली. दंडाच्या मागं जागा शिल्लक आहे असं मला वाटलं, तर सर म्हणाले, “आणि बगलेत खांब धरल्यावर काय करशील?” तिथंही फुली.

“सर, ह्याच्या डोक्यावर चिकटवा की,” इंद्या ओरडला. “तिथं सगळी जागा रिकामीच आहे.”

पोरं खिदळली. मीही हसलो. सर मात्र हसले नाहीत. ते खाली वाकले, माझ्या कमरेच्या मागं, डाव्या बाजूला, लंगोटाच्या पट्टीच्या जरा वर बोट ठेवलं आणि खडूनं एक चौकोन काढला.

“इथं. इथं खांब कधी लागत नाही. इंद्रजीत, इकडं ये. हा चौकोन बघून ठेव. उद्यापासून ह्याला तेल तू लावायचं. ह्या चौकोनात थेंब गेला नाही पाहिजे.”

परवा तुम्ही मला विचारलंत ना, की पुष्क्या, तो इन्सुलिनचा पॉड दंडावर असा उघडा कशाला लावतोस, कमरेला लाव की, शर्टाखाली जाईल? मी तेव्हा काहीतरी बोलून टाळलं. तर आता ऐका. मी तेव्हा सतरा वर्षांचा, बारावीला, कराडला.

डायबेटिस मला नवव्या वर्षापासून. माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, बाहेरून द्यायला लागतं. दिवसाला चार-पाच सुया. तर अकरावीच्या शेवटी मुजावर मॅडम म्हणाल्या, आता पंप घ्या. मॅडम म्हणजे माझ्या डॉक्टर. त्यांनी टेबलावर दोन पंप ठेवले. एक मोबाइलसारखा, त्याला लांब नळी, नळीचं दुसरं टोक पोटावर. दुसरा हा पॉड, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पांढरा. इन्सुलिन त्याच्या आतच, सुई खाली, सरळ अंगाला चिकटतो. नळी नाही. रिमोटवर चालतो, तीन दिवसांनी काढून टाकायचा आणि नवा लावायचा.

“नळीवाला बरा,” बाबा म्हणाले. “मजबूत वाटतोय.”

“मी प्रत्येक चड्डीला आतून खिसा शिवून देईन,” आई म्हणाली. तिनं पर्समधून टेपही काढली होती, पंप मोजायला. आईचं असंच असतं.

“मला नळी नको,” मी म्हणालो. “मल्लखांबात अडकेल.”

मॅडम म्हणाल्या, “नळीवाला काढून ठेवता येतो, पुष्कर. तासभर बाजूला ठेवायचा आणि परत जोडायचा. हा बिनानळीचा एकदा अंगावरून काढला की गेला. परत लागत नाही, नवाच लावायला लागतो. सराव किती वेळ असतो तुझा?”

“सकाळी दोन तास, संध्याकाळी अडीच.”

“बाप रे. मग एवढा वेळ पंपाशिवाय राहण्यात अर्थ नाही. हा घ्या.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मल्लखांबासाठीच हवाय ना?”

“हो,” मी म्हणालो.

आता इंद्याबद्दल सांगतो. इंद्रजीत थोरात, माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठा. त्याच्या वडिलांचं मार्केट यार्डात हमालीचं काम, आणि ह्याचे हातही तसेच, एकेक पंजा भाकरीएवढा. बोलायला महाबिलंदर. पण सरांनी तेलाचं काम दिलं त्या दिवसापासून ह्या गड्यानं ते असं केलं की विचारू नका. मल्लखांबाला आणि अंगाला एरंडेल लावतात, म्हणजे कातडी सोलत नाही. इंद्या वाटी घेऊन माझ्या मागं बसायचा. आधी पॉडच्या कडा बोटानं दाबून बघायचा, कुठं सुटलाय का. मग पॉडभोवती पंजाएवढी जागा सोडून बाकी पाठ चोळायचा. वर म्हणायचा, “पिंडीला अभिषेक घालताना पुजारी एवढी काळजी घेत नसेल.” चार महिन्यांत माझा एक पॉड तेलानं सुटला नाही. एकही नाही.

आणि त्यातनंच एक गंमत झाली. व्यायामशाळेला साठ वर्षं होणार होती, त्याचा जानेवारीत मोठा कार्यक्रम होता, आणि शेवटी मनोरा. इंद्यानं खांबाच्या वरच्या भागात अढी मारून बसायचं, मी त्याच्या मांड्यांवर पाय देऊन उभं राहायचं, आणि हात पसरून पुढं झुकायचं, पूर्ण बाहेर, हवेत. त्यानं मला मागून कमरेला धरायचं. सुरुवातीला पकड बसेना, कारण अंगाला तेल. मग एक दिवस इंद्या वरून ओरडला, “सर, घावली! जागा घावली!” त्या पॉडच्या खाली जो कोरडा भाग राहायचा ना, त्यात त्याचा डावा पंजा चपखल बसत होता. उजव्या हातानं लंगोटाची पट्टी, डावा कोरड्या जागेत. त्यानंतर मी किती झुकलो तरी हललो नाही. खाली आल्यावर इंद्या म्हणाला, “तुझा आजार माझ्या कामाला आला बघ.”

आमच्या व्यायामशाळेची एक जुनी रीत होती, तीही सांगतो. मनोऱ्यात ज्याच्या हातून माणूस सुटला, त्यानं परत मनोऱ्यात उभं राहायचं नाही. त्याला कुणी काढत नाही, कुणी बोलतही नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी आपण होऊन तेलाची वाटी उचलायची. वाटी उचलली म्हणजे ह्यानं मनोरा सोडला, आता हा फक्त बाकीच्यांना तेल लावणार, हे सगळ्यांना समजतं. मी पाच वर्षांत कुणाला उचलताना बघितलं नव्हतं. आणि त्या वर्षी इंद्याचा राज्याच्या संघात नंबर पक्का होता. फेब्रुवारीत स्पर्धा. त्याला खेळातून भरती व्हायचं होतं, त्याच्यासाठी राज्याचं सर्टिफिकेट पाहिजे. त्याच्या घरात सगळे त्या सर्टिफिकेटकडंच डोळे लावून बसलेले.

तर कार्यक्रमाचा दिवस. मैदानात मंडप, लाइटी, शूटिंगवाला, पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे आणि त्यांच्या मागं आमच्या कॉलेजची अख्खी बॅच. कॉलेजमध्ये माझ्या डायबेटिसचं कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. डबा खायच्या आधी संडासात जाऊन रिमोट दाबायचो.

साडेचारला इंद्यानं मला तेल लावलं, पॉड दाबून बघितला, पाठीवर थाप मारली आणि स्वतःच्या तयारीला गेला. मी कनातीच्या मागं उभा होतो. तेवढ्यात शूटिंगवाला आला, ट्रायल घ्यायला. कॅमेरा माझ्यावर धरला आणि म्हणाला, “पैलवान, ते पाठीमागं पांढरं काय चिकटवलंय? काढा की. मोठ्या स्क्रीनवर येणार आहे सगळं. तेवढंच दिसतंय.”

बस, एवढंच बोलला. त्याला काय माहीत! तो पुढं गेलासुद्धा.

आणि मला एकदम ती स्क्रीन दिसायला लागली. तिच्यावर माझी पाठ, आणि पाठीवर तो पांढरा डबा, आणि आमची बॅच विचारतेय की हे काय आहे. मी रिमोट काढला. पॉड बंद केला. कड पकडून ओढला, फाडकन निघाला. कागदात गुंडाळून बॅगेच्या तळाशी टाकला. दोन-अडीच तासांचा प्रश्न आहे, घरी गेल्यावर नवा लावीन, असं मी म्हणालो स्वतःलाच. मग हात मागं नेऊन बघितलं तर तिथं कोरडं, खरखरीत, आणि गोंदाचा चिकट चौकोन. सगळं अंग लाइटखाली चमकणार आणि तेवढाच एक ठिपका मळकट दिसणार. इंद्याची वाटी तिथंच स्टुलावर होती. मी बोटं बुडवली आणि तिथं तेल चोळलं. चांगलं दोनदा चोळलं.

खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात पकडीचा विचार आलाच नाही. आला नाही म्हणून मी सुटत नाही, ते मला माहिताय.

आमचा नंबर येईस्तोवर आम्ही अंगावर पंचे घेऊन बसलो होतो. साडेसहाला मनोरा. इंद्या आधी चढला, मी त्याच्यावर. ढोलकी चालू, खाली बाकीची पोरं आपापल्या जागी. त्याचा उजवा हात पट्टीवर आला, डावा कमरेवर आला. मी हात पसरले आणि झुकलो.

त्याचा पंजा सरकला, आणि तो सरकताना मला समजला. अगदी बोट न् बोट समजलं. चार बोटं माझ्या कमरेवर जागा शोधत होती, रोजची जागा, आणि ती तिथं नव्हती. मग पट्टीवर सगळा भार आला, पट्टी फिरली, आणि मी गेलो.

खाली गाद्या होत्या. खांदा आपटला, ओठ फुटला, बाकी काही नाही. पण अख्खं मैदान उभं राहिलं. मी डोळे उघडले तर आई माझ्यापाशी, आणि तिचा हात सगळ्यात आधी माझ्या कमरेवर. तिची सवयच ती.

“पॉड कुठंय? पुष्कर, पॉड कुठंय?”

सगळे बघत होते. सर, बाबा, आणि इंद्या, जो खांबावरून कसा उतरला कुणास ठाऊक, माझ्या पायाशी बसलेला, तोंड पांढरंफटक.

मी म्हणालो, “निघाला. हात सुटला तेव्हा त्याच्या हातानं निघाला.”

एवढं एक वाक्य. मी ते जुळवलंसुद्धा नव्हतं, आपोआप बाहेर आलं. इंद्यानं स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग तो गाद्यांच्या कडेनं गुडघ्यांवर रांगत पॉड शोधायला लागला. मंडप रिकामा झाला तरी शोधत होता, हे मला सरांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या घरी आला. आत येईना. दारातच उभा राहून आईला म्हणाला, “काकू, माझी चूक झाली. मी हात नीट पुसले नव्हते बहुतेक. ते औषधाचं यंत्र पण माझ्यानं तुटलं. घावलं नाही मला.”

आई म्हणाली, “अरे, असू दे. चहा घे.”

“नको काकू.” मग आत माझ्याकडे बघून, “दुखतंय का रे?”

मी कॉटवर पडून होतो. मी म्हणालो, “नाही.”

त्याच संध्याकाळी त्यानं वाटी उचलली.

चार दिवसांनी मुजावर मॅडमकडे तपासणी होती. मॅडमनी रिमोट कॉम्प्युटरला जोडला. त्यात सगळं येतं, कधी किती इन्सुलिन गेलं, कधी काय केलं, मिनिटासकट. बाबा कामावर होते, आणि आई केसपेपरला बाहेर गेली होती. मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, “पडलास किती वाजता?”

“साडेसहा.”

“पॉड बंद झालाय चार वाजून बावन्न मिनिटांनी. बटन दाबून.”

मॅडमनी खुर्ची फिरवली.

“आईंनी मला वेगळं सांगितलं.”

“हो.”

“का काढलास?”

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. नाही आलं. मी म्हणालो, “मॅडम, आईला सांगू नका.”

त्यांनी त्या पानाची प्रिंट काढली, घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातली. “मी तुझ्या साखरेची डॉक्टर आहे. हा कागद कुणाला दाखवायचा ते तुझं तू बघ. पण दाखव.”

तो कागद मी अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात ठेवला. बारावीचं रोज उघडायला लागायचं ना, म्हणून अकरावीचं.

आणि आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात जड जातंय, मध्ये बोलू नका.

आठवडाभरात मी परत सरावाला गेलो. राज्याचा मनोरा बसवायचा होता. इंद्याच्या जागी सरांनी कदम म्हणून एक दुसरा मुलगा घेतला. आणि मला तेल कोण लावणार? इंद्याच. वाटी त्याच्याकडंच होती. तो माझ्या मागं बसायचा, पॉडच्या कडा दाबून बघायचा, आणि पंजाएवढी जागा सोडून बाकी पाठ चोळायचा. पूर्वीसारखंच. पण बोलायचा नाही. आता ती जागा तो कदमच्या हातासाठी राखत होता. एकदा कदमला म्हणाला, “इथं धर, खालच्या बाजूनं. आणि हात मातीनं दोनदा पूस, मी एकदाच पुसले होते.”

महिनाभर, रोज. रोज मी ठरवायचो की आज सांगतो. आणि रोज त्याची बोटं पाठीवर यायची आणि मी उद्यावर ढकलायचो. वाटायचं स्पर्धा होऊ दे, आत्ता सांगितलं तर संघ मोडेल, सरांना त्रास होईल. किती विचार करायचो मी सगळ्यांचा!

फेब्रुवारीत आमचा दुसरा नंबर आला. सर्टिफिकेट मिळालं. कदमलाही मिळालं. इंद्या आमच्याबरोबर आला होता, तेलाची बाटली सांभाळायला. ग्रुप फोटो काढताना सर म्हणाले, इंद्रजीत, तूही ये. तो म्हणाला, “नको सर, तेलकट आहे मी.”

मग मार्चमध्ये परीक्षा झाली आणि इंद्यानं व्यायामशाळेत यायचं बंद केलं. एप्रिलमध्ये मी तो कागद काढला. आता सांगितलं तर माझं काहीच जाणार नव्हतं. संघ खेळून झाला होता, परीक्षा झाली होती. तेव्हा मी धाडस केलं. त्याला धाडस म्हणायचं असेल तर.

भर दुपारी मार्केट यार्डात गेलो. इंद्या कांद्याची पोती उतरवत होता, वडिलांबरोबर. मला बघून पोतं टाकलं आणि लिंबाच्या सावलीत आला. “काय रे, रिझल्ट लागला का?”

मी कागद पुढं केला. त्याला त्यातलं काही समजेना, सगळं इंग्रजी आणि आकडे. मी बोट ठेवून दाखवलं. चार बावन्न. मग सगळं सांगितलं, घडाघडा, शूटिंगवाला, पॉड, तेल, सगळं. तो ऐकत होता.

माझं संपल्यावर म्हणाला, “म्हणजे तेल तू लावलंस?”

“हो.”

“माझ्या वाटीतलं?”

“हो.”

तो खाली बसला, मातीतच. “मी हात दाखवून आलो लेका. सिव्हिलला. म्हणलं पकड जात्येय काय बघा. डॉक्टर म्हणाला नस दबली असंल.” मग वर बघून, “का काढलास पण?”

“दिसत होता.”

“मग बिनानळीचा घेतलास कशाला? काढायचा होता तर नळीवाला घ्यायचास. आम्हाला सांगून काढला असतास, बाजूला ठेवला असतास.”

हे त्याला कुठून माहीत, मला समजेना. मग आठवलं, मीच सांगितलं होतं त्याला, पहिल्या आठवड्यात, तेल लावताना. त्यानं ते ध्यानात ठेवलं होतं.

“दिसू नये म्हणून घेतला,” मी म्हणालो. “मल्लखांबाचं नुसतं सांगायला होतं. कुणाला दिसू नये, एवढंच पाहिजे होतं मला.”

“मी तर रोज बघत होतो की रे,” इंद्या म्हणाला.

त्याच्या वडिलांनी लांबून हाक मारली. तो उठला. मला वाटलं आता मारणार. मारावं असं वाटत होतं. तो म्हणाला, “शर्ट वर कर.”

“काय?”

“वर कर शर्ट.”

मी तिथं, मार्केट यार्डात, हमालांच्या समोर, शर्ट वर केला. पॉड होता, तिथंच, कमरेला डाव्या बाजूला. इंद्यानं हात पँटला पुसला. दोनदा पुसला. मग माझ्या मागं येऊन पॉडच्या खाली पंजा ठेवला, रोजच्या जागी, आणि धरलं.

“झुक.”

मी पुढं झुकलो. त्यानं दुसऱ्या हातानं पट्टा धरला नाही. एकाच हातानं, फक्त त्या डाव्या पंज्यानं. पाय घसरतील एवढा मी झुकलो, डोळ्यांसमोर नुसती माती आणि कांद्याची सालं. कातडी पिळवटत होती. तो मागून मोठमोठ्यानं श्वास घेत होता. आजूबाजूची माणसं थांबून बघत होती आणि माझा पॉड सगळ्यांना दिसत होता. त्यानंतर मी तो कधी झाकला नाही, म्हणून आता दंडावर.

“बघ,” तो म्हणाला, आणि ते मला नाही, स्वतःलाच म्हणत होता. “सुटत नाही.”

बराच वेळ तसं धरल्यावर त्यानं मला सरळ उभं केलं, शर्ट खाली ओढून नीट केला आणि म्हणाला, “काकूंना सांग. मी त्यांची माफी मागून आलोय.”

मग तो पोत्यांकडे गेला. मी हाक मारली, पण त्याच्या पाठीवर पोतं होतं, त्याला वळता आलं नसतं.